एकाच वायफायवरचे दोन रोबो वेगळे कसे ठेवावेत: आरओएस २ मधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

लॅबमध्ये मी आमच्या रोबोला पुढे नेण्याची कळ दाबली आणि शेजारच्या टेबलावरचा दुसऱ्या गटाचा रोबोही चालू लागला. टेबलाच्या कडेशी एका मुलीने तो दोन्ही हातांनी धरला म्हणून वाचला. कोड कुणाचाच चुकला नव्हता. दोन्ही रोबो एकाच वायफायवर होते आणि 'सीएमडी_व्हेल' या एकाच टॉपिकवर, म्हणजे नाव दिलेल्या संदेश-वाहिनीवर, वेगाचा हुकूम ऐकत होते.

आरओएस २ ही रोबोचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारी सॉफ्टवेअर-चौकट. तिच्यात मधला सर्व्हर नसतो. प्रत्येक नोड (रोबोचा एकेक प्रोग्राम) डीडीएस या मानकावरच्या संदेश-लायब्ररीमार्फत नेटवर्कवर हाक देतो आणि हाक ऐकणारे एकमेकांना जोडले जातात. कोण कुणाची हाक ऐकणार, हे डोमेन क्रमांकावर ठरतं. तो दिला नाही तर शून्य धरला जातो, म्हणून न सांगता सगळे एकाच डोमेनमध्ये येतात. कोडला हात न लावता हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगने, बदलता येतं. पुढची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लिपीत टाइप करा, व्हेरिएबलची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये आणि आकडेही इंग्रजी.

आधी प्रत्येक रोबोला ० ते १०१ मधला एक आकडा द्या आणि तो मार्करने त्याच्या अंगावर लिहून ठेवा. १०१ ची मर्यादा पोर्टमुळे, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या क्रमांकित दारांमुळे, आली आहे. डोमेनचा पहिला पोर्ट म्हणजे ७४०० अधिक डोमेन क्रमांक गुणिले २५०. डोमेन ४२ साठी तो १७९००, तर १०१ साठी ३२६५० येतो. लिनक्स ३२७६८ पासून पुढचे पोर्ट तात्पुरत्या कामासाठी कुठल्याही प्रोग्रामला देत असतो, त्यामुळे १०२ घेतलात तर त्या गर्दीत शिराल. कधी चालेल, कधी चालणार नाही, आणि असा दोष शोधताना दिवस जातो.

आता टर्मिनलमध्ये लिहा:

एक्सपोर्ट आरओएस_डोमेन_आयडी=४२

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. 'एक्सपोर्ट' विसरलात तर आकडा त्या शेलपुरताच (टर्मिनलमध्ये हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामपुरताच) राहतो, नोडपर्यंत पोचत नाही. इथे 'इको' फसवतं, कारण एक्सपोर्ट न केलेला आकडाही ते दाखवतं. म्हणून तपासायला 'प्रिंटएन्व्ह आरओएस_डोमेन_आयडी' वापरा. ओळ रिकामी आली तर नोडलाही काही मिळणार नाही.

मग खात्री करा. दोन टर्मिनलमध्ये ४२ ठेवून एकात 'डेमो_नोड्स_सीपीपी' पॅकेजचा टॉकर आणि दुसऱ्यात लिसनर चालवा. 'हॅलो वर्ल्ड' मोजणीसह येऊ लागेल. तिसऱ्या टर्मिनलमध्ये ४३ देऊन लिसनर चालवा. तो गप्प बसला पाहिजे.

सगळ्यात जास्त माणसं पुढच्या पायरीला अडकतात. व्हेरिएबल प्रोसेस सुरू होतानाच तिच्या हाती पडतं. चालू नोडला नंतरचा बदल कळत नाही, शेजारच्या टर्मिनललाही नाही. रोज टाइप करायला नको म्हणून ही ओळ होम फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' (सुरुवातीच्या टिंबासकट) फाइलच्या शेवटी टाका. पण रोबो चालू होताच सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस नोड सुरू करत असेल, तर ती सर्व्हिस ही फाइल वाचतच नाही. तिच्या युनिट फाइलमध्ये 'सर्व्हिस' विभागाखाली 'एन्व्हायर्नमेंट=आरओएस_डोमेन_आयडी=४२' असं लिहा, 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' द्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. लॅपटॉपवर ४२ आणि रोबोवर अजून शून्य, हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.

घरी एकट्याने सिम्युलेशन करताना संदेश मशीनबाहेर जायची गरजच नसते. आरओएस २ च्या २०२२ च्या हंबल आवृत्तीत त्यासाठी 'आरओएस_लोकलहोस्ट_ओन्ली=१' आहे. २०२४ च्या जॅझीवर असाल तर ते जुनं झालं. तिथे 'आरओएस_ऑटोमॅटिक_डिस्कव्हरी_रेंज' ला 'लोकलहोस्ट' ही किंमत द्या. बदल केल्यावर 'आरओएस२ डेमन स्टॉप' द्यायला विसरू नका. मागे चालू असलेला डेमन जुन्याच सेटिंगने उत्तर देत राहतो आणि टॉपिकची यादी चुकीची दिसते.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: डोमेन क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे. त्याच वायफायवरच्या कुणीही ४२ टाकलं तर तुमचा रोबो त्याचं ऐकेल. बाहेरच्यांना खरोखर अडवायचं असेल तर वेगळं राउटर घ्या किंवा आरओएस २ ची सुरक्षा-सोय वापरा.

आकडा जुळूनही दोन मशीन एकमेकांना दिसत नसतील, तर संशय नेटवर्कवर घ्या. कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा मल्टिकास्ट (एक संदेश एकदम अनेकांना पाठवणं) बंद असतं आणि हाक पोचतच नाही. एका मशीनवर 'आरओएस२ मल्टिकास्ट रिसीव्ह' आणि दुसऱ्यावर 'आरओएस२ मल्टिकास्ट सेंड' चालवा. काहीच आलं नाही तर आधी फायरवॉल तपासा. जॅझीत आणखी एक वाट आहे: 'आरओएस_स्टॅटिक_पीअर्स' मध्ये समोरच्या मशीनचा आयपी पत्ता द्या. अनेक पत्ते असतील तर मध्ये अर्धविराम येतो, म्हणून सगळी किंमत अवतरणचिन्हांत ठेवा. नाहीतर बॅश हे शेल अर्धविरामालाच ओळ संपली असं समजतं आणि फक्त पहिला पत्ता उरतो.