सोन्याचे नॅनोकण करायला बसण्यापूर्वी

भांड्याला हात लावण्याआधी कण केवढा हवा ते ठरवा. रसायनशास्त्रज्ञ तुर्केविच यांच्या १९५१ च्या सायट्रेट (सायट्रिक आम्लाचं लवण) वापरणाऱ्या कृतीने सुंदर लाल द्रावण मिळतं, पण कण १५ ते २० नॅनोमीटरचे होतात. उत्प्रेरकासाठी ५ नॅनोमीटरच्या आत राहायला हवं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हारुता यांनी १९८७ मध्ये शून्याखालच्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण करून दाखवलं, ते अशाच बारीक सोन्यावर. तेव्हा क्षपणासाठी, म्हणजे विरघळलेल्या संयुगातून धातुरूप सोनं काढण्यासाठी, सोडियम बोरोहायड्राइड आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल काढून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ भांड्यांना द्या. काचेवर आधीच्या प्रयोगाचा धातू राहिला असेल तर नवं सोनं त्याच्यावरच वाढत बसतं. भांडी आणि चुंबकीय ढवळकांडी ताज्या अम्लराजाने धुवा: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात), चष्मा-हातमोजे घालून, आणि ते मिश्रण बाटलीत घट्ट बंद करून कधीही ठेवू नका; वायू साठून बाटली फुटते. मग अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळा.

सोनं ज्यातून मिळतं ते संयुग, क्लोरोऑरिक आम्ल, हवेतला ओलावा चटकन ओढतं, म्हणून पटकन तोला. स्टीलचा चमचा नको, तो सोन्याचं क्षपण करतो. द्रावण गडद बाटलीत ठेवा.

बोरोहायड्राइड मात्र अगदी शेवटी, बर्फाच्या पाण्यात विरघळवा आणि लगेच वापरा. पाण्यात ते हायड्रोजन सोडत संपत जातं. तासाभराने त्याच मापात तेवढा जोर उरत नाही. जोर इथे फार मोलाचा आहे. सोन्याचं द्रावण जोरदार ढवळत असताना ते एकदम ओतलं की सुटे सोन्याचे अणू क्षणात दाटतात, असंख्य बीजं एकाच वेळी जन्मतात, आणि उरलेलं सोनं त्यांच्यात वाटलं जाऊन कण लहान राहतात. थेंबथेंब घातलं तर बीजं थोडी आणि कण मोठे, लहान-मोठे.

सोन्याचे कण ज्यावर बसवायचे ती टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडची) पूडही तोलून तयार हवी. पीएच २ च्या आसपास आणला की तिच्यावर धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचे कण तिला चिकटतात. वरचं पाणी रंगहीन झालं की समजा सोनं बसलं. त्यानंतर गरम पाण्याने धुणं, कारण क्लोराइड सोन्याच्या उत्प्रेरकाला मारक.

चाचणीसाठी ४-नायट्रोफिनॉल आणि वर्णपटमापी राखून ठेवा. बोरोहायड्राइड घालून उत्प्रेरकाने ४-नायट्रोफिनॉलचं क्षपण होत गेलं की त्याचं ४०० नॅनोमीटरचं शिखर उतरायला हवं. तीच नोंद उत्प्रेरक न घालताही एकदा घ्या.