परवानाधारक शस्त्रविक्रीच्या दुकानासाठी मराठवाड्यात जागा कशी पाहावी

दुकानाला जागा पाहताना आपल्याकडे पहिला प्रश्न वर्दळीचा असतो. गाळा रस्त्यावर आहे का, समोर बसथांबा आहे का, बाजाराच्या दिवशी गर्दी किती होते, याची चौकशी आधी होते. बंदुकीच्या दुकानाला यातले जवळजवळ काहीच लागू पडत नाही. ज्याच्याकडे वैध परवाना आहे आणि त्या परवान्यावर राष्ट्रीय प्रणालीतला विशिष्ट ओळख क्रमांक पडलेला आहे, त्यालाच शस्त्र आणि काडतुसे विकत घेता येतात, आणि असा माणूस पन्नास किलोमीटरवरून दुकानाचा पत्ता विचारत येतो. रस्त्याने जाता जाता कोणी रिव्हॉल्व्हर घेत नाही. त्यामुळे मोक्याच्या चौकातल्या दर्शनी गाळ्यासाठी मोजलेले जादा भाडे वाया जाते. तोच पैसा भिंती, दारे आणि शस्त्रसाठ्याच्या खोलीवर घालावा. आधी अधिकारक्षेत्र पाहावे, मग जमिनीची कागदपत्रे, मग इमारत आणि शेजार, आणि गिऱ्हाइकाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

शस्त्रांची विक्री, दुरुस्ती आणि विक्रीसाठी साठवण यांकरिता शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो आणि त्याची कार्यपद्धती शस्त्र नियम, २०१६ मध्ये दिली आहे. हा परवाना व्यक्तीइतकाच जागेलाही बांधलेला असतो. अर्जात दाखवलेला पत्ता परवान्यावर चढतो, आणि त्या चार भिंतींबाहेर केलेला व्यवहार परवान्याच्या बाहेरचा ठरतो. किराणा दुकानदाराप्रमाणे यंदा इथे आणि पुढच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत असे करता येत नाही. जागा बदलायची म्हटली की मंजुरी, चौकशी आणि पोलीस अहवाल हे सगळे नव्याने करावे लागते. जागा अशीच निवडावी की निदान दहा-पंधरा वर्षे हलण्याची वेळ येणार नाही.

अधिकारक्षेत्राचा मुद्दा मराठवाड्यात सोपा वाटतो, पण एका ठिकाणी तो फसवा आहे. आठ जिल्ह्यांपैकी फक्त छत्रपती संभाजीनगर शहरालाच पोलीस आयुक्तालय आहे आणि तिथे हे काम आयुक्तांकडे असते. बाकी सर्वत्र, त्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही, शस्त्र परवान्यांचे कामकाज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत चालते आणि चौकशी पोलीस अधीक्षकांमार्फत होते. शहर वाढत गेले तशी महापालिकेची हद्द, ग्रामपंचायतीची हद्द आणि पोलीस ठाण्याची हद्द या तिन्ही रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. शहराच्या कडेचा गाळा पाहत असाल तर तो कोणत्या ठाण्यात येतो आणि ते ठाणे शहर पोलिसांचे की ग्रामीण पोलिसांचे, हे ठाण्यात जाऊनच विचारावे, दलालाच्या शब्दावर सोडू नये. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन् महिने टेबलावर पडून राहतो.

यापेक्षाही कमी लोकांना ठाऊक असलेली एक अट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे. त्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्र अधिनियमाखाली नवा परवाना देता येत नाही. मराठवाड्यात अभयारण्ये कुठे आहेत असे कोणी विचारेल. पैठणजवळचे जायकवाडी पक्षी अभयारण्य, कन्नडकडचे गौताळा-औट्रमघाट, बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिव जिल्ह्यातले येडशी रामलिंग घाट आणि नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला लागून असलेले पैनगंगा अभयारण्य ही त्यांतली ठळक नावे. पैठण शहर तर जायकवाडीच्या अगदी कुशीत आहे. अंतर अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीपासून मोजायचे असते, रस्त्यावरच्या फलकापासून किंवा प्रवेशद्वारापासून नाही. अशा तालुक्यात जागा पाहण्याआधी वन विभागाकडून नकाशा पाहून घ्यावा, आणि परिघाच्या आत येत असेल तर माझ्या मते ती जागा सोडून द्यावी. संमती मिळणे अशक्य नाही, पण छोट्या व्यवसायाला तेवढी वाट पाहणे परवडत नाही.

आता कागदपत्रे. निजामाच्या राजवटीचा वारसा आपल्याकडच्या जमिनींवर अजून आहे. खिदमतमाश (धार्मिक सेवेसाठी दिलेले) आणि मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले) इनाम, देवस्थानाच्या जमिनी, वक्फ मिळकती, भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) अशा नोंदी भरवस्तीतल्या जागांवरही निघतात. एरवी अशा गाळ्यात कापडाचे दुकान वर्षानुवर्षे चालते आणि कोणी विचारत नाही. शस्त्रपरवान्याच्या चौकशीत मात्र जागेचा हक्क तपासला जातो, आणि एका वारसाने किंवा संस्थेने हरकत घेतली की फाइल थांबते. म्हणून गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक, बाहेर असेल तर सातबारा आणि अकृषक परवानगी, शिवाय मंजूर बांधकाम नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र हे कागद आधी हातात घ्यावेत आणि मगच दराची बोलणी करावी. भाड्याची जागा असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर हा व्यवसाय उभा करू नये. नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करावा, आणि त्यात जागा शस्त्रे व काडतुसे यांच्या विक्री-साठवणीसाठी दिली आहे हे वाक्य स्पष्ट शब्दांत असावे. ‘व्यापारी वापर’ एवढे मोघम लिहून चालणार नाही. मालमत्ता पत्रकावर चार भावांची नावे असतील तर चौघांच्याही सह्या घ्याव्यात. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ चा भाग त्यामानाने हलका आहे. मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यावी लागते.

इमारतीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण चुकलेली इमारत नंतर पैसे घालूनही धड होत नाही. मराठवाड्याचा मोठा भाग काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया खोल मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात आणि चौकटी वाकतात. साध्या दुकानात दार थोडे घासते एवढ्यावर निभावते, परंतु साठ्याच्या खोलीचे जड पोलादी दार चौकटीत अडकले किंवा कुलपाची जीभ खाचेत बसेनाशी झाली, की शस्त्रे उघड्यावर असल्यासारखीच. म्हणून जागा एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्याच्या शेवटी पाहावी. मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरणाऱ्या भेगेत रुपयाचे नाणे उभे शिरत असेल, तर मालकाने त्यावर कितीही रंग दिलेला असला तरी तो गाळा घेऊ नये. पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी हात फिरवून पाहावा. चुन्याचे पोपडे हातात येत असतील, पांढरा लोणा फुटलेला असेल, तर तिथे ठेवलेल्या नळ्यांना गंज चढेल आणि काडतुसांची पुठ्ठ्याची खोकी ओलसर होतील.

जुन्या वाड्यांचा मोह अनेकांना पडतो. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, सागवानी दार, भाडेही कमी. पाहणाऱ्याला तो किल्लाच वाटतो. पण त्या भिंती बहुधा दगड-मातीच्या आणि वर माळवद म्हणजे मातीचे धाबे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात जी घरे कोसळली, ती मुख्यतः अशाच बांधणीची होती. भूकंपाची गोष्ट बाजूला ठेवली तरी मातीत रचलेली भिंत पहारीने एका रात्रीत पोखरता येते आणि माळवद वरून उकरता येते. साठ्याच्या खोलीला आरसीसी भिंती किंवा निदान सिमेंटमध्ये बांधलेली भरीव वीटबांधणी आणि वर स्लॅबच हवा. पत्र्याचे छत नकोच, कारण ते कापता येते आणि परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात त्याखाली भट्टी होते. काडतुसांना ती उष्णता मानवत नाही.

तळघर टाळावे. नांदेडमध्ये गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांत विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी शिरते, आणि नदी नसलेल्या शहरांतही एका जोरदार पावसात नाले तुंबून तळघरे भरतात. तळमजला, मागे बंदिस्त अंगण, आणि साठ्याची खोली इमारतीच्या मधोमध, म्हणजे तिची एकही भिंत शेजाऱ्याशी किंवा बोळाशी सामाईक नसेल, अशी रचना मिळाली तर सोने. बहुतेक वेळा तशी मिळत नाही. निदान शेजारच्या रिकाम्या गाळ्याची भिंत या खोलीला लागून नसावी. सराफांच्या दुकानांत होणाऱ्या चोऱ्या कशा होतात हे ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको. वरच्या मजल्यावर कोण राहते, गच्चीला जिना कुठून आहे, स्वच्छतागृहाची खिडकी केवढी आहे, हेही पाहावे. वीज जाते त्या वेळी कॅमेरे आणि घंटा चालू राहतील एवढ्या इन्व्हर्टरला जागा हवी. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात आग विझवण्यासाठी नळाच्या भरवशावर न राहता स्वतःची टाकी आणि पुरेशी अग्निशामक नळकांडी ठेवण्याची सोय जागेत असावी.

शेजाराबद्दल पोलीस अहवालात हमखास लिहिले जाते. फटाक्यांचे दुकान, गॅस सिलिंडरचे गोदाम, पेट्रोलपंप, रंग-थिनरचे दुकान यांच्यालगत जागा घेऊ नये. शाळा, प्रार्थनास्थळे आणि वसतिगृहे यांच्यापासूनही दूर राहावे. लातूरमध्ये शिकवण्यांच्या पट्ट्यात प्रत्येक गल्लीत विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, तिथे हरकती येणारच. याहून नाजूक मुद्दा मिरवणुकांचा. गणेश विसर्जन, आंबेडकर जयंती, रामनवमी, मोहरम यांचे मार्ग प्रत्येक शहरात ठरलेले असतात. या मार्गांवरचे शस्त्रांचे दुकान पोलिसांच्या डोक्याला कायमचा ताप असतो. त्या दिवशी ते बंद ठेवावे लागते आणि वातावरण तापले की आधी त्यालाच धोका असतो. संभाजीनगरची गुलमंडी किंवा लातूरची गंजगोलाई यांसारख्या गजबजलेल्या जुन्या पेठांपेक्षा बँका, न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय ज्या भागात आहेत त्या भागातला शांत रस्ता बरा. तिथे रात्रीची गस्त असते, आणि गिऱ्हाइकाला नूतनीकरणाचे काम आणि काडतुसांची खरेदी एकाच फेरीत उरकता येते. पोलीस ठाणे किंवा चौकी पायी पाच-सात मिनिटांवर असेल तर उत्तम.

ठासणीच्या बंदुकीसाठी सुटी दारू विकण्याचा विचार काहीजण करतात, कारण खेड्यांतून तशी मागणी होते. छोट्या दुकानाने त्यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्या दारूला विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि विस्फोटक नियम, २००८ लागू होतात. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेशी संबंध येतो, आणि साठ्याभोवती सुरक्षित अंतर सोडावे लागते. वस्तीतला गाळा त्या हिशेबात बसवणे कठीण आहे.

गिऱ्हाईक कोण, हे आता पाहू. मराठवाड्यात नव्या शस्त्राची विक्री वर्षभरात फारशी होत नाही. दुकान चालते ते बँकांच्या आणि रोकड वाहतुकीच्या रक्षकांच्या बारा बोअरच्या काडतुसांवर, रानडुकरे आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या एकनळी-दुनळी बंदुकांच्या दुरुस्तीवर, निवृत्त सैनिकांवर, नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या एअर रायफलच्या सामानावर आणि शस्त्रे सुरक्षित ठेवीत सांभाळण्यावर. हा शेवटचा भाग जागा ठरवताना विसरला जातो. निवडणुका लागल्या की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात आणि त्यांतली काही अधिकृत विक्रेत्यांकडे येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली, तेव्हाही तिसरे शस्त्र जमा करण्यासाठी लोक ठाण्यांकडे आणि विक्रेत्यांकडे गेले. साठ्याची खोली आजच्या मालापुरती न धरता शस्त्रे ठेवायच्या दुप्पट-तिप्पट घडवंच्या मावतील एवढी धरावी.

जिल्हा निवडताना परवान्यांच्या आकड्याला भुलू नये. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने राज्यभर चर्चेत आले, त्यांची फेरछाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. ज्या जिल्ह्यात परवाने सैल हाताने वाटले गेले, तिथले गिऱ्हाईक एका आदेशाने निम्मे होऊ शकते. बँकांच्या शाखा, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि शेतीचे रक्षण यांवर उभा असलेला बाजार लहान असला तरी टिकतो. नांदेडचा उल्लेख इथे वेगळा करावा लागेल. तिथे हुजूर साहिबच्या परिसरात कृपाण आणि तलवारींची दुकाने आहेत, म्हणून अग्निशस्त्रांचे दुकानही तिथेच शोभेल असे नवख्याला वाटते. कृपाणाला कायद्यात वेगळे स्थान आहे आणि धारदार शस्त्रांची वर्गवारीही वेगळी आहे. त्या बाजारावरून अग्निशस्त्रांच्या परवान्याचा अंदाज बांधू नये, आणि यात्रेकरूंच्या गर्दीत तर दुकान मुळीच टाकू नये.

माल येण्याची वाटही पाहावी. बारा बोअरची काडतुसे बहुधा पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची असतात आणि रस्त्याने येतात. खोकी भर रस्त्यात उतरवून गर्दीतून आत नेणे योग्य नाही, म्हणून गाडी थेट मागच्या अंगणात किंवा निदान शटरला पाठ लावून उभी राहील एवढी वाट हवी.

जागा पसंत पडल्यावर लगेच पूर्ण अनामत देऊ नये. आधी मोजमापांसह नकाशा काढून घ्यावा. त्यात विक्रीचा भाग, दुरुस्तीचे टेबल, साठ्याची खोली, दारे, कॅमेऱ्यांच्या जागा आणि चारही बाजूंच्या मिळकती दाखवाव्यात. तो नकाशा घेऊन ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि गृह शाखेच्या लिपिकांना भेटावे. त्यांचा तोंडी कल बंधनकारक नसतो, तरी त्या रस्त्याबद्दल त्यांच्या मनात काय आहे हे पंधरा मिनिटांत कळते. त्यानंतर मालकाशी इसारपावती करताना एक अट लेखी घालावी: परवाना अमुक मुदतीत मंजूर न झाल्यास ठरलेली रक्कम वजा करून उरलेली अनामत परत मिळेल आणि करार संपेल. पोलादी दार, कॅमेरे आणि घडवंच्यांची पक्की मागणी मात्र स्थळपाहणी होईपर्यंत थांबवावी, कारण पाहणी करणारे अधिकारी खोलीची जागा किंवा दाराची दिशा बदलायला सांगतात आणि भिंतीत बसवलेली चौकट उपटून काढण्याचा खर्च नव्या चौकटीहून जास्त येतो.