रीफ टँकमधील आगंतुक जीव : घाईच्या उपायांत होणाऱ्या या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे प्रवाळ ठेवलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय. त्यासाठी लाइव्ह रॉकचा, म्हणजे जीव वसलेल्या समुद्री खडकाचा, एखादा तुकडा किंवा प्रवाळाचा लहानसा फ्रॅग (तोडलेली फांदी) विकत घेतला, की त्याच्या भोकांतून, फटींतून आणि फ्रॅग चिकटवलेल्या चकतीच्या, म्हणजे प्लगच्या, खालच्या बाजूने इतर अनेक जीवही आपल्या टँकमध्ये येतात. त्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असतात, काही तर टँकची स्वच्छता करतात, आणि मोजकेच खरोखर घातक ठरतात. तरीही नुकसान बहुधा या मोजक्या जीवांमुळे होत नाही. समोर दिसलेला जीव कोणता आहे हे ठरण्याआधीच चिमटा, औषध किंवा नवा मासा टँकमध्ये उतरवला जातो आणि त्या घाईतूनच ते होते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ याच घाईत आहे.

प्रत्येक काटेरी अळीला शत्रू समजणे

दिवे बंद झाल्यावर खडकाखालून गुलाबी-करड्या रंगाची, बाजूंनी बारीक केस असलेली ब्रिसल वर्म बाहेर येते आणि पाहणारा घाबरतो. प्रत्यक्षात ही अळी उरलेले अन्न, मेलेली गोगलगाय किंवा कुजलेला मासा खाते. मेलेल्या माशावर ती सापडली म्हणजे तिनेच तो मारला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे असते. तिची संख्या अचानक वाढली तर त्याचा अर्थ टँकमध्ये अन्न जास्त पडत आहे एवढाच असतो, आणि तेव्हा सापळ्यापेक्षा खाणे कमी करण्याचा उपयोग होतो.

खरी घातक अळी म्हणजे हर्मोडायस कॅरन्क्युलाटा ही फायरवर्म होय. ती अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रांत आढळते व जिवंत प्रवाळ खाते. तिच्या शरीराच्या प्रत्येक खंडाच्या बाजूला पांढऱ्या केसांचे दाट झुपके असतात आणि डोक्यावर चुणीदार मांसल उंचवटा असतो. आपला खडक इंडोनेशिया किंवा फिजीकडचा असेल, तर ही अळी असण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणून खडक कोणत्या समुद्रातून आला, हे विक्रेत्याला विचारणे ही ओळख पटवण्याची पहिली पायरी आहे. अळी कोणतीही असो, ती उघड्या हाताने धरू नये, कारण तिचे केस कातडीत मोडून राहतात आणि तीव्र आग होते.

हीच गोष्ट खेकड्यांची. पोसिलोपोरासारख्या प्रवाळांच्या फांद्यांत राहणारा गुळगुळीत, चकचकीत पाठीचा ट्रॅपेझिया खेकडा आपल्या प्रवाळाचे रक्षण करतो. त्याला ओढून काढणारा माणूस त्या प्रवाळाचा पहारेकरीच काढून टाकतो. उलट खडकाच्या भोकात दडणारा, केसाळ अंगाचा आणि काळ्या टोकांच्या नांग्यांचा खेकडा संशयास्पद मानावा. ॲस्टेरिना तारामासे, स्टोमॅटेला गोगलगायी, स्पॅगेटी वर्म, लहान ब्रिटल स्टार, आणि कोपेपॉड व अँफिपॉड हे बारीक कवचधारी जीव यांना शक्यतो हात लावू नये. ॲस्टेरिनांपैकी काही झोॲन्थिड या बटणांसारख्या मऊ प्रवाळांवर बसलेले दिसतात, तेवढ्यांपुरते लक्ष ठेवावे.

ओळख पटवण्यासाठी दिवे बंद करून दोन तासांनी लाल प्रकाशात टँक पाहावा. पांढऱ्या प्रकाशात लपणारे अनेक जीव लाल प्रकाशात निर्धास्त फिरतात आणि त्यांचे छायाचित्र घेता येते. टँकमधून अधूनमधून काच फुटल्यासारखा टक्क असा आवाज येत असेल तर मँटिस श्रिम्प ही कोळंबीसारखी दिसणारी शिकारी असू शकते, पण तसाच आवाज पिस्टल श्रिम्प ही कोळंबीही करते आणि तिच्या काही जाती तर गोबी माशाशी सहजीवनात राहतात. मँटिसचे डोळे देठावर असतात आणि वेगवेगळ्या दिशांना फिरतात, पिस्टलची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. मँटिस नक्की असेल तर हात न घालता तो खडक चिमट्याने बाहेर काढावा आणि बादलीवर धरून भोकात सोडावॉटर सोडावे. ती बहुधा बाहेर पडते.

एप्टेशिया चिरडणे, कापणे, खरवडणे

ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एप्टेशिया हे तपकिरी, पारदर्शक, लांब व बारीक शुंडकांचे समुद्रफूल. धक्का लागताच ते भोकात आत ओढले जाते. फेदर डस्टर वर्मही अशीच पटकन आत जाते, पण तिला नळी असते आणि तिचा तुरा पिसांसारखा असतो. एप्टेशियाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या तळव्याचा तुटून राहिलेला बारीकसा तुकडाही नवे समुद्रफूल तयार करतो. त्यामुळे सुरीने खरवडले किंवा चिमट्याने उपटले की एकाची जागा अनेक घेतात, आणि सुटलेले तुकडे पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहाने टँकभर जातात.

एप्टेशिया एकदोनच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजमध्ये भरावी, पंप बंद करावेत आणि पेस्ट हळूच थेट तोंडाच्या चकतीवर सोडावी. समुद्रफूल ती गिळते आणि आतून मरते. पेस्ट सोडण्याआधीच ते आत ओढले गेले तर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. एका वेळी थोड्याच ठिकाणी ही पेस्ट वापरावी, कारण तिच्यामुळे पाण्याचा पीएच वाढतो. पानाला लावायचा चुना मात्र वापरू नये, कारण त्याच्या शुद्धतेची खात्री देता येत नाही. काही दिवसांनी त्याच जागा पुन्हा तपासाव्यात, कारण एकदाच पेस्ट देऊन काम संपले असे सहसा होत नाही.

प्रादुर्भाव पसरला असेल तर त्याचा भक्षक आणावा लागतो. बर्गिया ही लहान समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते, त्यामुळे इतर प्रवाळांना तिचा धोका नसतो. तिला खाणारे रास माशांसारखे रहिवासी टँकमध्ये असतील तर मात्र ती टिकत नाही. ती सावकाश काम करते, म्हणून मोठ्या टँकसाठी काही महिन्यांची तयारी ठेवावी. एप्टेशिया संपले की तीही उपाशी मरते, आणि म्हणून त्या वेळी ती दुसऱ्या छंदप्रेमीला देणे योग्य.

पेपरमिंट श्रिम्प या कोळंबीचा उपयोग लहान समुद्रफुलांवर होतो, मोठी मात्र ती बऱ्याचदा सोडून देते. येथे दुकानात एक गफलत वारंवार होते. कॅमल श्रिम्पला पेपरमिंट म्हणून विकले जाते आणि ती झोॲन्थिड व मऊ प्रवाळ खाते. पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक असून तिच्या अंगावर बारीक लाल रेषा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड असते, डोळे मोठे असतात आणि लाल रंगावर ठळक पांढऱ्या रेषा व ठिपके असतात. कॉपरबँड बटरफ्लायफिश एप्टेशिया खातो हे खरे, पण तो खाण्याच्या बाबतीत अतिशय नाजूक आहे. केवळ एका उपद्रवी जीवाच्या निर्मूलनासाठी लहान टँकमध्ये असा मासा आणून उपाशी मारणे मला योग्य वाटत नाही.

एका डिपवर विश्वास ठेवणे

नवा फ्रॅग आयोडीनच्या किंवा तयार औषधाच्या डिपमध्ये, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात, बुडवला, तळाशी चार अळ्या पडलेल्या दिसल्या आणि फ्रॅग थेट मुख्य टँकमध्ये गेला. ॲक्रोपोरा हे प्रवाळ खाणारी चपटी अळी आणि माँटिपोरा हे प्रवाळ खाणारी न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) या दोघींचा प्रसार बहुतेक वेळा याच मार्गाने होतो. डिपने प्रौढ मरतात, अंडी मरत नाहीत. चपट्या अळीची अंडी प्रवाळाच्या बुडाशी, जिथे जिवंत उती संपून उघडा सांगाडा लागतो, तिथे सोनेरी-तपकिरी पुंजक्यांनी चिकटलेली असतात. न्यूडिब्रँकची पांढरी अंडी प्रवाळाच्या खालच्या बाजूला आढळतात. म्हणून मूळ प्लग तोडून फेकून द्यावा, उघड्या सांगाड्याचा भाग कापावा, भिंगाने पाहून अंडी खरवडावीत आणि फ्रॅग क्वारंटाइन टँकमध्ये ठेवून दर आठवड्याला डिप पुन्हा करावा. ॲक्रोपोरावर फिकट गोल डाग दिसत असतील तर अळी डोळ्यांना दिसत नसली तरी ती तिथे आहे असे समजावे, कारण तिचा रंग प्रवाळाशी एकरूप होतो.

संपूर्ण टँकमध्ये औषध ओतणे

तांबे असलेले औषध रीफ टँकमध्ये कधीही घालू नये. ते अपृष्ठवंशीय जीवांना मारते आणि खडकात व वाळूत शोषले जाऊन नंतरही सुटत राहते. रेड बग या ॲक्रोपोरावरील सूक्ष्म परजीवी कवचधारी जीवासाठी मिल्बेमायसिन हे औषध वापरतात, पण त्याने कोळंबी, खेकडे आणि उपयुक्त कोपेपॉडही मरतात, म्हणून हा उपाय वेगळ्या भांड्यात करावा. तांबूस चपट्या अळ्यांचा थर काचेवर व वाळूवर पसरला असेल तर औषधाआधी जितक्या जास्त अळ्या सायफनने काढता येतील तितक्या काढाव्यात. एकाच वेळी हजारो अळ्या मेल्या की त्यांच्यातून सुटणारे विष माशांना मारू शकते. विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि पाणी बदलण्यासाठी तयार मिठाचे पाणी ही दोन्ही औषध घालण्यापूर्वीच हाताशी असावीत.

कीड मारण्यासाठी खडक उकळणे

हे कदापि करू नये. झोॲन्थिड व पॅलिथोआ जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते आणि खडक उकळल्यावर ते वाफेबरोबर घरभर पसरू शकते. २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हनटन गावात घरच्या टँकची सफाई केल्यानंतर कुटुंबातील अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. खडक नको असेल तर तो बाहेर उन्हात दीर्घकाळ वाळवावा. हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा.

नवा खडक शोधताना मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लागलेला दगड उचलून आणण्याचा मोह काहींना होतो. सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत आणि ते गोळा करणे गुन्हा आहे. सुका, निर्जीव खडक वापरला तर कीड येत नाही. त्याबरोबर उपयुक्त सूक्ष्मजीवही येत नाहीत, म्हणून त्याला परिपक्व व्हायला वेळ द्यावा लागतो.

काढलेले जीव आणि डिपचे पाणी नाल्यात किंवा समुद्रात सोडू नये. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयांत ठेवल्या जाणाऱ्या शैवालाचा लहानसा पुंजका दिसला, आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या मोठ्या किनारपट्टीवर पसरले. कॅलिफोर्नियात २००० साली सापडलेले हेच शैवाल नष्ट करायला २००६ उजाडले. क्वारंटाइनमधून निघालेले पाणी बादलीत क्लोरीन ब्लीच घालून चोवीस तास ठेवावे आणि त्यानंतरच घरातल्या मोरीत ओतावे.