छोट्या इमारतीचे स्टुडिओ फ्लॅट करताना: आधी पाइप, मग भिंती

चार-सहा बिऱ्हाडांची इमारत घेऊन तिचे स्टुडिओ पाडायचे असतील, तर आधी ड्रेनेजचा नकाशा काढा, भिंतींचा नंतर. स्टुडिओ किती बसतील हे चौरस फुटांवर कमी आणि संडासाचा उभा पाइप कुठे आहे, खिडक्या किती आहेत, यावर जास्त ठरतं. स्वतःची खिडकी नसलेली खोली स्टुडिओ म्हणून मोजूच नका.

संडासाच्या १०० मिमी आडव्या पाइपाला साधारण ४० ला १ उतार द्यावा. उभा पाइप बाथरूमपासून ४ मीटर दूर असेल तर नुसत्या उतारालाच १० सेंमी जातात, वर पाइपाचा बाहेरचा व्यास ११ सेंमी. जुन्या स्लॅबवर एवढी भरती केली की बाथरूम पायरीभर उंच होतं आणि भार वाढतो तो वेगळाच. उंची वाचवायला उतार कमी केलात, तर मैला पाइपात बसतो आणि तुंबणं कायमचं मागे लागतं. म्हणून नवं बाथरूम जुन्याच्या पाठीला पाठ लावून, त्याच डक्टवर (उभे पाइप जातात त्या पोकळीवर) घ्या. ओटाही तिथेच. मागून भिंतीत आउटलेट जाणारं कमोड निवडलं, तर स्लॅबला भोक पाडावं लागत नाही.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग भिंतीवर ३० सेंमी चढवा, शॉवरपाशी १.८ मीटर. मग टाइल्सआधी ४८ तास पाणी कोंडून खालचं छत तपासा. गळती बहुधा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतीच निघते.

साडेचार इंची भिंत दिसली म्हणून पाडू नका. जुन्या बांधकामात तिच्यावरही भार असू शकतो. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावं. नवी पार्टिशन हलकी हवी: दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर, आत ५० मिमी रॉकवूल (आवाज अडवणारी खनिज लोकर). ती थेट वरच्या स्लॅबला भिडवा. फॉल्स सीलिंगपाशी थांबवली तर शेजारचं बोलणं वरून ऐकू येतं, आणि भाडेकरू सोडून जाण्याचं हे मोठं कारण असतं.

वीज: गीझर २, इंडक्शन २, एसी दीड किलोवॅट धरला तर एका स्टुडिओचे साडेपाच, आठांचे ४४. सगळं एकदम चालत नाही, तरी मुख्य जोडणी पुरेल का ते आधी विचारा. प्रत्येकाला वेगळा मीटर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच).

घरांची संख्या वाढवायला स्थानिक परवानगी लागते. पार्किंग आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट यांवर अर्ज अडू शकतो, म्हणून सौद्याआधीच विचारपूस करा.

हिशेब करताना वाढलेलं भाडं वर्षाला १२ ऐवजी १०–११ महिन्यांचं धरा, कारण स्टुडिओत माणसं लवकर बदलतात. त्यातून वाढीव देखभाल वजा करून उरलेल्या रकमेला एकूण खर्चाने भागा, म्हणजे वर्षाचा परतावा कळेल. खर्चात १५ टक्के राखीव ठेवाच.

कामासाठी घरं रिकामी करताना मजल्यामजल्याने जाऊ नका. एका उभ्या पाइपावरची सगळी घरं एकदम रिकामी करा, कारण तो पाइप बंद झाला की वरखाली कोणालाच संडास वापरता येत नाही.