तलवारबाजीवरून विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प: आम्ही करून पाहिलेलं

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी बारा वर्षांपासून लेकरं घेऊन जाते. परभणी जिल्ह्यातली आमची शाळा, आठवीपर्यंतची. तारीख नेमकी कापूस वेचणीत येते, निम्मी लेकरं रानात असतात आणि शेवटच्या दोन दिवसांत कुणीतरी ज्वालामुखीची प्रतिकृती उभी करतं. तीन वर्षांपूर्वी सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तलवारबाजीवर काही करता येईल का?" ती नुकतीच मैदानावर सरावाला जायला लागली होती. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही, कारण यात लेकराला स्वतः मोजायला मिळतं.

आधी खेळ नीट समजून घ्या. फॉईल, इपी आणि सेबर अशी तीन हत्यारं. भारताची तलवारबाज भवानी देवी २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळली ते सेबर. त्यात पात्याचा वारही चालतो आणि टोकाला बटण नसतं. आपल्या कामाची इपी. तिच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेलं बारीक बटण असतं. ते दाबलं गेलं की विद्युत मंडल पूर्ण होतं आणि दिवा लागतो. सामन्याआधी हत्यार उभं धरून त्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतात. स्प्रिंगनं ते उचलून धरलं तरच हत्यार पास. फॉईलला हेच वजन ५०० ग्रॅम.

हे टोक घरी बनवता येतं. बॉलपेनची स्प्रिंग घ्या आणि तिच्यात सैल जाईल असा, तिच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर आखूड खिळा. लाकडी ठोकळ्यावर तांब्याची पट्टी चिकटवा. पट्टीवर स्प्रिंग उभी, स्प्रिंगमध्ये वरून खिळा, डोकं वर. भोवती पेनाच्या नळीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा चिकटवला की स्प्रिंग कलंडत नाही. एक वायर खिळ्याच्या डोक्याला, दुसरी पट्टीला. मध्ये दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी आणि १०० ओहमचा रोधक.

इथं आमची फजिती झाली. बटण न दाबताच दिवा लागला. पोरगी रडकुंडीला आली; मी सेल बदलले, वायरी बदलल्या, तासभर गेला. मग तीच म्हणाली, "मॅडम, स्प्रिंगपण लोखंडाचीच ना?" वीज खिळ्यातून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून थेट पट्टीत जात होती. सायकलच्या ट्यूबची बारीक चकती कापली, मधोमध खिळा जाईल एवढं भोक पाडलं आणि स्प्रिंगखाली ठेवली. दिवा विझला. खिळा दाबला, लागला. प्रकल्पाच्या वहीत ही चूक जशीच्या तशी लिहायला लावा. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आता मोजणी. खिळ्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा पेला ठेवून एका बाजूनं हलका आधार द्या आणि मोजपात्रानं पाणी ओतत जा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. पेल्याचं वजन वेगळं धरा. आमचा दिवा दीडशे ग्रॅमच्या आसपास लागला. मग खरा प्रश्न आला: ७५० पर्यंत कसं न्यायचं? दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवून वर एकच झाकण ठेवलं तर वजन साधारण दुप्पट लागतं. एकावर एक ठेवल्या तर तेवढंच दाबायला निम्मं पुरतं. प्रत्येक मांडणीचे पाच-पाच वेळा आकडे घ्या, आलेख काढा. सगळा प्रयोग सेलवरच ठेवा, प्रदर्शनाच्या मंडपात लाईटचा भरवसा नसतो.

लहान वर्गासाठी दुसरा प्रयोग, पट्टीचा. एकानं ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्यानं चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाला सुमारे ०.२० सेकंद लागले, १५ वर पकडली तर सुमारे ०.१७५. अंतराची दुप्पट करा, ९८० नं (हे गुरुत्व त्वरण, सेंटिमीटरमध्ये) भागा आणि वर्गमूळ काढा. सराव करणारी पाच लेकरं आणि न करणारी पाच, प्रत्येकाच्या दहा फेऱ्या, पहिल्या दोन सोडून द्या. फरक दिसला नाही तर तसंच लिहा.

याला जोडून एक गोष्ट तक्त्यावर जरूर लावा. इपीत दोघांची टोकं ४० मिलिसेकंदांच्या आत लागली तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण मिळतो. लेकराचा पट्टीचा आकडा २०० मिलिसेकंद, त्याच्या पाचव्या हिश्शात यंत्र निवाडा करतं. मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असेल तर ४० मिलिसेकंद म्हणजे जेमतेम दहा चित्रं. आमच्या पोरीनं ती दहा चित्रं छापून ओळीनं चिकटवली होती. त्या तक्त्यापाशी लोक सगळ्यात जास्त वेळ थांबले.

खरं हत्यार न्यायचं असेल तर क्रीडा शिक्षक सोबत हवेत, आणि ते टेबलावर पडूनच राहू द्या. मुखवटा न घालता कुणाच्याही दिशेनं टोक धरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. बघायला आलेल्यांच्या हातात पाण्याचा पेला द्या. दिवा किती ग्रॅमला लागेल ते आधी ओळखायला सांगा, मग ओतू द्या.