उबुंटू 22.04 वरून 24.04 वर जाताय? आधी ब्राउझरची तयारी करा

अपग्रेडला बसायच्या आधी सगळ्यात पहिलं काम म्हणजे ब्राउझरचं प्रोफाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, त्याच लॅपटॉपवर नको. बुकमार्क, पासवर्ड, उघडे टॅब सगळं त्यातच असतं. फायरफॉक्स वापरत असाल तर ते कुठंय हे अंदाजाने ठरवू नका. 22.04 पासून उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप ह्या नव्या पद्धतीच्या पॅकेजमधून येतं आणि त्याचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरच्या पोटात असतं, जुन्या डेब पॅकेजचं मात्र डॉट मोझिला नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांच्याकडून घाईत नेमकं जुनं कॉपी होतं. अ‍ॅड्रेसबारमध्ये अबाउट:प्रोफाइल्स (about:profiles) टाका, वापरात असलेलं प्रोफाइल पूर्ण पाथसकट दिसेल, मग ब्राउझर बंद करा आणि ते फोल्डर उचला.

तिथेच असताना अबाउट:सपोर्ट पण उघडा आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. त्यात व्हर्जन, ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडो वेलँडवर चालतेय की एक्स11 वर (स्क्रीनवर विंडो दाखवायच्या दोन पद्धती), सगळं लिहिलेलं असतं. उद्या ब्राउझर क्रॅश झाला की काय बदललं हे ह्याच फाइलवरून कळतं.

डिस्कवर जागा आहे का बघा, बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते खास करून. बाहेरच्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून येतं ते स्रोत) कुठल्या जोडल्यात ते लिहून घ्या, कारण अपग्रेड त्या बंद करतं आणि क्रोम तिथूनच घेतलेलं असेल तर त्याला पुढचे अपडेट मिळत नाहीत, ती परत चालू करावी लागते. अपग्रेड चालू असताना ब्राउझर बंदच ठेवा, खालच्या लायब्ररी बदलत असताना तो कधीही पडू शकतो. आणि रीस्टार्ट केल्याशिवाय काही तपासायला जाऊ नका.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच चालू देणारी बूटची सेटिंग) दोन्ही असतील तर इथे जरा थांबा. अपग्रेडमध्ये पासवर्ड ठेवायला सांगितला तर तो कागदावर लिहा, कारण रीस्टार्टला एक निळा स्क्रीन येतो, त्यावर एनरोल एमओके (ड्रायव्हरच्या सहीला मान्यता देणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, नाहीतर ड्रायव्हर लोड होत नाही. वडिलांच्या लॅपटॉपवर मी तिथे घाईत कंटिन्यू दाबलं. मग रात्री साडेअकराला ब्राउझर उघडायचा, पान अर्धं पांढरं दिसायचं आणि विंडो गायब. मला वाटलं प्रोफाइल बिघडलंय, म्हणून ते डिलीट केलं, त्यांचे सगळे पासवर्ड गेले, आणि कारण निघालं लोड न झालेला ड्रायव्हर. म्हणून कळकळीने सांगतो, काहीही डिलीट करू नका.

क्रॅश झालाच तर अबाउट:प्रोफाइल्समधून नवीन रिकामं प्रोफाइल बनवा (ब्राउझर तेवढाही टिकत नसेल तर टर्मिनलमधून कॅपिटल पी लावून, म्हणजे firefox -P असं टाकून सुरू करा). त्यात नीट चालला तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये. तिथेही पडला तर सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करून बघा, मग लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या गियरवरून उबुंटू ऑन झॉर्ग (म्हणजेच एक्स11) निवडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुटलं कशाने ते कळत नाही.

क्रोमियमवर बनलेला ब्राउझर अ‍ॅपइमेज म्हणून (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) किंवा झिप सोडवून चालवत असाल आणि तो उघडतच नसेल तर कारण बहुतेक वेगळं असतं. 24.04 मध्ये सुरक्षेची यंत्रणा असलेलं अ‍ॅपआर्मर अनप्रिव्हिलेज्ड युजर नेमस्पेसवर (साध्या प्रोग्रॅमने स्वतःपुरतं वेगळं वातावरण बनवण्यावर) बंधन घालतं, त्यामुळे ब्राउझरचा सँडबॉक्स, म्हणजे वेबपानांना बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवणारी भिंत, तयार होत नाही. टर्मिनलमधून चालवलं तर 'नो युजेबल सँडबॉक्स' असं स्पष्ट दिसतं. नेटवर लोक नो-सँडबॉक्स लावायला सांगतात, ते करू नका, बँकेचं काम त्याच ब्राउझरमध्ये करता ना? अधिकृत डेब किंवा स्नॅप घ्या.

काहीच मेसेज न येता अख्खा ब्राउझर नाहीसा होत असेल तर मेमरी बघा. 22.04 पासून सिस्टमडी-ऊमडी चालू असतं, मेमरी संपत आली की ते जड प्रोग्रॅम मारून टाकतं, जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदी दाखवणारी टर्मिनलची कमांड) त्याची नोंद सापडते. रॅम कमी असेल तर स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा.

एवढं करूनही पडतोय तर अबाउट:क्रॅशेस उघडा, रिपोर्ट पाठवा, आणि बीपीने सुरू होणारा आयडी त्या सेव्ह केलेल्या फाइलसोबत जोडून मदत मागा.