डासांच्या वाटेने वसाहतीची पाहणी : सांगलीकरांसाठी एक कार्यपद्धती

डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की प्रभागातून धूरफवारणीची मागणी होते, गाडी येऊन जाते आणि दोन दिवस सर्वांचे समाधान होते. धुराने उडते डास मरतात. पाण्यातील अळ्या आणि भांड्यांच्या कडांना चिकटलेली अंडी मात्र तशीच राहतात. म्हणून फवारणीच्या आधी वसाहतीची पाहणी करावी. मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले आणि १९१४ साली भारतात आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचाही आग्रह हाच होता, की गल्लीबोळ पायी हिंडून पाहिल्याशिवाय शहरावर उपाय सुचवू नयेत.

पाहणीचे क्षेत्र लहान असावे. डेंग्यू पसरवणारा ईडिस इजिप्ती डास बहुधा आपल्या पैदासस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या आतच वावरतो. त्यामुळे लगतच्या दोन-तीन गल्ल्यांतील शंभर घरे निवडावीत आणि त्यांचा साधा नकाशा काढावा. नळाला पाणी कोणत्या वेळी व किती दिवसांआड येते, गटार कोठे संपते, रिकामे प्लॉट, टायरची दुकाने आणि चालू बांधकामे कोठे आहेत, हे त्यावर नोंदवावे. गुंठेवारी भागात हे विशेष काळजीने करावे, कारण तेथे घरे आधी झाली व गटारे मागून आली, काही ठिकाणी अजून आलेलीच नाहीत, आणि आपल्या काळ्या मातीत साचलेले पाणी लवकर मुरत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी कोठवर आले होते ती रेषाही काढावी. पूर ओसरल्यावर तळघरांत व भंगारात उरलेले पाणी अनेकदा नजरेतून सुटते.

नकाशावर दोन रंग ठेवावेत. गटारात व सेप्टिक टाकीत वाढणारा क्युलेक्स जातीचा डास वेगळा आणि घरातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढणारा ईडिस वेगळा. डेंग्यूसाठी गटाराला दोष देत बसलो, तर खरा ठिकाणा स्वयंपाकघराच्या मागच्या पिंपात राहून जातो.

घरभेटीसाठी आशा सेविकेला किंवा गल्लीतील परिचित बाईंना सोबत घ्यावे. अनोळखी माणसाला न्हाणीपर्यंत कोण जाऊ देईल? पिंप, हौद, कूलर, कुंडीखालची थाळी आणि फ्रिजच्या मागचा ट्रे पाहावा. पाण्यावर एकदम बॅटरी मारली तर अळ्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळाने श्वास घेण्यासाठी पुन्हा वर येतात, तेव्हा पांढऱ्या वाटीने पाणी काढून त्या नीट पाहता येतात. दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, या संख्येला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. त्याहून उपयोगी नोंद म्हणजे ती भांडी कोणत्या प्रकारची होती.

उपाय त्या नोंदीवरूनच ठरतो. बहुतेक अळ्या पिंपांत सापडल्या, तर प्रश्न लोकांच्या निष्काळजीपणाचा नसून अनियमित पाणीपुरवठ्याचा आहे आणि त्यावर प्रबोधनाची पत्रके वाटणे मला अन्यायाचे वाटते. तो सुधारेपर्यंत पिंपांना घट्ट झाकणे बसवावीत आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, कारण आपल्याकडील उष्णतेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. पाण्याच्या पातळीलगत चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात, म्हणून पिंपाची आतली बाजू काथ्याने घासावी. सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपला जाळी बांधावी. गप्पी मासे हौदात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत सोडावेत, पण ओढ्यात व कृष्णेत कधीही नाही, कारण ते परके मासे आहेत आणि स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खातात.

तयार नकाशा महापालिकेच्या आरोग्य आणि पाणीपुरवठा या दोन्ही विभागांना एकाच अर्जासोबत द्यावा. केवळ आरोग्य विभागाकडे दिल्यास बहुधा पुन्हा फवारणीची गाडीच येते. महिन्याने त्याच शंभर घरांची, त्याच क्रमाने, पुन्हा पाहणी करावी.